नुसतं वजा करावं की भागावंही?

हातानं मध्य (म्हणजे सरासरी) आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप) काढताना आकडे लहान कसे करायचे? 102, 104, 106, 108, 110 घ्या. मध्य 106, प्रमाण विचलन सुमारे 2.83.

प्रत्येकातून 100 वजा केले की मध्य 6 होतो. विचलन मात्र तेवढंच, कारण सगळे आकडे एकत्र सरकले, आपसातली अंतरं बदललीच नाहीत. शेवटी फक्त मध्यात 100 मिळवायचे.

पुढे 2 ने भागलं तर 1 ते 5 उरतात. वर्ग करणं सोपं. पण परतताना मध्य आणि विचलन दोन्ही 2 ने गुणायचे, मग 100 मिळवायचे ते फक्त मध्यात. घोटाळा होतो तो इथेच.

समान वर्गांतराची वारंवारता सारणी (सारख्या रुंदीच्या गटांत किती किती आकडे पडतात याचा तक्ता) असेल तर भागाकार फायद्याचा. सुट्या आकड्यांना वजाबाकी पुरते.