एक कार्ड, दोन प्रोसेस: आयऑक्टल घ्यावं की एममॅप?

यंत्रात पीसीआय एक्स्प्रेस बसवर एक एफपीजीए कार्ड (चिपमधलं सर्किट आपल्याला हवं तसं रचता येतं असं), खाली लिनक्स, वर दोन प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम. एक यंत्र हाकते, दुसरी ऑपरेटरला स्क्रीनवर आकडे दाखवते. कार्ड दोघींनाही हवं. नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात या वळणाची कामं पुष्कळ येतात आणि प्रश्न दर वेळी तोच: प्रत्येक कामासाठी कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरकडे आयऑक्टल, म्हणजे काम सांगणारा सिस्टिम कॉल, करायचा, की रजिस्टरं (कार्डावरचे लिहा-वाचायचे कप्पे) एममॅप करून, म्हणजे प्रोसेसच्या मेमरीत जोडून, थेट तिच्या हाती द्यायची?

आम्ही एकदा हाती दिली होती. रबाळ्याच्या एका शेडमध्ये यंत्र बसवलेलं. त्या कार्डावर एका रजिस्टरात चॅनेलचा नंबर लिहायचा आणि शेजारच्या रजिस्टरातून त्याची किंमत घ्यायची. यंत्रवालीने तीन लिहिलं, तेवढ्यात स्क्रीनवालीने सात लिहिलं, आणि पहिलीच्या पदरात सातची किंमत पडली. दिवसातून एखाद-दोन वेळाच घडायचं. आम्ही दोन दिवस अर्थिंग तपासत बसलो होतो.

तरी एममॅपचा मोह सुटत नाही, कारण वेग. ‘आयऑक्टल म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच’ (प्रोसेसरवरची प्रोसेस बदलणं) असं बिनदिक्कत सांगितलं जातं, ते चूक आहे. सिस्टिम कॉलमध्ये प्रोसेसर कर्नलमध्ये शिरतो, पण प्रोसेस तीच राहते. ती बदलते कॉल वाट बघत झोपला किंवा शेड्यूलरने (कोणी कधी चालायचं ते ठरवणाऱ्याने) तिला बाजूला सारलं तर. 2018 मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर इंटेलच्या तोवरच्या प्रोसेसरांवर या ये-जात पेज टेबलही (मेमरीचा कोणता तुकडा, म्हणजे पेज, कुठे आहे त्याचा तक्ता) बदलावं लागू लागलं, त्यामुळे कॉल महागला हे खरं. तरीही मामला काही शे नॅनोसेकंदांचा. उलट कार्डावरचं एक रजिस्टर वाचायचं तर उत्तर येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो, आणि हा खोळंबा मायक्रोसेकंदाच्या घरात जातो. तुमचं काम मुख्यतः वाचनाचं असेल तर एममॅपने फार काही हाती लागत नाही. लिहिण्याचं वेगळं: प्रोसेसर ते बसवर सोडून पुढे निघतो, म्हणून तिथे कॉलचा भार जाणवतो. त्यावरही उपाय आहे. एका आयऑक्टलमध्ये चाळीस-पन्नास नोंदींची यादी द्या.

शिवाय आयऑक्टलमध्ये एका वेळी एकीलाच आत घेणारं कुलूप ड्रायव्हरच्या ताब्यात असतं. प्रोसेस मध्येच मेली तरी कर्नल फाइल बंद करतो, रिलीज फंक्शन चालतं आणि कार्ड तिथे ताळ्यावर आणता येतं. एममॅप करून दोन प्रोसेसनी आपसांत म्युटेक्स, म्हणजे तसंच कुलूप, ठेवला, तर मेलेलीचं कुलूप रोबस्ट म्युटेक्सने (मालक मेल्याचं पुढचीला कळवणाऱ्या प्रकाराने) सोडवता येईल; अर्धवट लिहिलेली रजिस्टरं कोण निस्तरणार?

तिसरा एक मार्ग आहे, आणि मला तो मनापासून आवडतो, जरी सहसा सुचवत नाही. मॅपिंग दोघींना द्यायचं, पण एका वेळी एकीचंच जिवंत ठेवायचं. दुसरीने हात लावला की पेज फॉल्ट होतो, म्हणजे पेज जोडलेलं नाही म्हणून प्रोसेसर कर्नलला बोलावतो. ड्रायव्हर पहिलीचं मॅपिंग काढतो, कार्डाची स्थिती जपून ठेवतो, दुसरीची जुनी स्थिती परत भरतो आणि तिचं मॅपिंग जोडतो. चॅनेल लिहून झाल्यावर मध्येच ताबा गेला तरी वाचायच्या वेळी पुन्हा फॉल्ट होतो आणि आपला नंबर जागेवर सापडतो. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. सोलारिस या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये यासाठी डेव्हमॅपची तयार चौकट होती. दोघींची ओढाताण होऊ नये म्हणून ताबा किमान किती वेळ टिकावा हेही ठरवता यायचं. लिनक्समध्ये फॉल्ट हँडलर आणि अनमॅप मॅपिंग रेंज हे फंक्शन वापरून सगळं स्वतः उभारावं लागतं. मॅपिंग काढल्यावर, स्थिती जपण्याआधी, एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचून घ्या. म्हणजे वाटेत असलेलं लिखाण कार्डापर्यंत पोचतं.

पण गोम वेगळीच आहे. कार्डावर फक्त लिहिता येणारं रजिस्टर असेल, तर त्यातली किंमत परत वाचायची कशी? आयऑक्टलमध्ये ड्रायव्हर स्वतःकडे नक्कल ठेवतो. इथे लिखाण त्याला न विचारता होतं, नक्कल येणार कुठून? वाचलं की पुसलं जाणारं स्टेटस रजिस्टरही असंच दगा देतं. डीएमए (कार्डाने स्वतःच मेमरीत डेटा ने-आण करणं) चालू असताना तर ताबा बदलायचा विचारच नको, तो आधी थांबवायला हवा. यातलं एक जरी तुमच्या कार्डावर असेल तर हा मार्ग सोडा.

म्हणून बाहेरून घेतलेलं कार्ड आणि सेकंदाला शे-दोनशे वाचनं असतील, तर डोळे झाकून आयऑक्टल. स्क्रीनला फक्त आकडे दाखवायचे असतील तर तेही नको. कार्ड यंत्रवालीकडेच ठेवा आणि तिने शेअर्ड मेमरीत आकडे टाकावेत. लिखाण तुफान असेल आणि कार्डाची सगळी स्थिती वाचून परत भरता येत असेल, तरच फॉल्टवाला खटाटोप.

आणि एफपीजीए तुमच्याच टीमचं असेल तर कोड लिहिण्याआधी हार्डवेअरवाल्यांच्या टेबलाशी जा. प्रत्येक प्रोसेससाठी चॅनेल आणि किंमत अशी रजिस्टरांची वेगळी जोडी मागा, वेगवेगळ्या पेजवर. मग सरळ एममॅप चालतं, ताबा बदलायची भानगडच उरत नाही. आरडीएमए कार्डं (नेटवर्कवरून थेट दुसऱ्या यंत्राच्या मेमरीत ने-आण करणारी) प्रत्येक प्रोसेसला स्वतःचं पेज देतात ते याचसाठी. फक्त दोन जोड्यांमधलं अंतर 4 केबी न ठेवता 64 केबी ठेवून घ्या. 4 केबी आज इंटेलवर चालेल, पण उद्या कोणी आर्म बोर्ड आणला आणि त्याच्या कर्नलचं पेज 64 केबीचं निघालं, तर दोन्ही जोड्या पुन्हा एकाच पेजात येतील.