मासे-भाजीचं किट: मुलुंडची गच्ची आणि शहापूरचं अंगण, जवळपास वर्षभर वापरून

हे किट म्हणजे अ‍ॅक्वापोनिक्सचं: टाकीत मासे, ट्रेमध्ये मातीऐवजी खडीत भाजी, आणि तेच पाणी दोन्हीकडे फिरतं. ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगते. पालेभाजीसाठी घ्या, माशांसाठी घेऊ नका. आणि गावी लावणार असाल तर किटच्या आधी बॅटरीचे पैसे बाजूला काढा. आता सविस्तर.

किट गेल्या मे महिन्यात घेतलं. ५०० लिटरची टाकी, खडी भरायचे दोन ट्रे (मिळून साधारण २ चौरस मीटर), ४० वॅटचा पाण्यात बुडणारा पंप, एक एअर पंप, पाइप, बेल सायफन (ट्रे भरला की तो आपोआप रिकामा करणारी नळी). २६ हजार आणि वर टेम्पोचं भाडं. घेण्यामागचं कारण म्हणजे माझं माहेर शहापूर तालुक्यातलं. तानसा, भातसा सगळी धरणं आमच्याच बाजूला, मुंबईच्या नळाला येणारं पाणी तिथलं, आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्याच गावपाड्यांना टँकर. पावसाळ्यात भात आणि रानभाज्या असतात, पण होळीनंतर विहिरीने तळ गाठला की परसात हिरवं पान दिसत नाही, भाजी विकतच आणायची, नाहीतर डाळ-भात चालूच आहे. म्हणून म्हटलं आधी आपल्या गच्चीवर चालवून बघू, जमलं तर दादा-वहिनीला एक लावून देऊ.

सोसायटीत दोन प्रश्न आले, वजन आणि डास. वजनाचा प्रश्न खरा आहे, ५०० लिटर म्हणजे अर्धा टन झाला, वर ओली खडी, त्यामुळे आमच्या इंजिनीअरला विचारून टाकी बीमवर घेतली, स्लॅबच्या मधोमध नाही. डासांचं मात्र उलटंच आहे, टाकीतल्या अळ्या मासे खातात, महापालिका विहिरीत गप्पी सोडते ते त्यासाठीच, आणि ट्रेमध्ये वरची खडी कोरडी राहिली की तिथेही काही होत नाही.

चालतं कसं तर माशांच्या अंगातून अमोनिया पाण्यात येतो, तो जास्त झाला तर माशांना विष. खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. पाणी फिरून परत टाकीत. म्हणजे खरं बघायला गेलं तर आपण जिवाणू पाळतो, मासे त्यांच्यासाठी. आणि ते जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात बोटुकली (माशांची छोटी पिल्लं) सोडा म्हणणारा व्हिडिओ बघून कुणी उड्या मारू नका. आमच्या विक्रेत्याच्या माहितीपत्रकात पण हेच अर्ध्या ओळीत उरकलेलं होतं आणि टेस्ट किट वेगळं विकत! अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चढून परत शून्याजवळ आल्याशिवाय मासे भरायचे नाहीत, बस. नळाचं पाणी पण थेट ओतायचं नाही, क्लोरीन जिवाणूंनाही मारतं आणि माशांनाही, ड्रममध्ये एक दिवस उघडं ठेवलं की काम होतं.

दोन-तीन महिन्यांनी पीएच घसरायला लागला, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकायला लागलं. हे बिघडलं म्हणून नाही, चांगलं चालतंय म्हणून होतं, कारण अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला क्षार संपत जातो आणि आपल्या धरणाच्या पाण्यात मुळात तो कमी. ६.८ ते ७ च्या आसपास ठेवायचा, ६ च्या खाली गेला की जिवाणू सुस्तावतात. कंपनीचं 'बफर' पावडरचं पाकीट साडेतीनशेला आहे, मी तिसऱ्यांची शिंपलं धुवून, उन्हात खडखडीत वाळवून जाळीच्या पिशवीत बांधून टाकीत सोडली. हळूहळू विरघळतात, कॅल्शियम पण मिळतं. आमच्याकडे तिसऱ्या दर पंधरवड्याला होतातच त्यामुळे खर्च शून्य, घरी आता शिंपलं फेकली तर भांडण होतं.

दुसरी गोष्ट लोह. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की समजायचं लोह कमी पडलं, माशांच्या खाद्यात ते पुरेसं नसतंच. चिलेटेड आयर्न (पाण्यात विरघळलेलं राहणारं लोह) मिळतं, त्यात पाकिटावर डीटीपीए लिहिलेलं घ्या, लिटरला २ मिलिग्रॅम लोह पडेल एवढं तीन-चार आठवड्यांनी. पाणी चहासारखं लालसर होतं, घाबरू नका.

मावा पडला तर मात्र हात बांधलेले. औषध फवारायचं नाही, कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही, तेही माशांना बाधतं. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाहीतर बोटाने पुसत बसायचं. कोबी-फ्लॉवरच्या नादी लागू नका त्यामुळे. माठ, पालक, पुदिना, मयाळू, अळू हे सगळं मस्त येतं. मुंबईच्या पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पालक रुसतो पण अळूची पानं सुपाएवढी, श्रावणात शेजारच्यांनाही अळूवडीला दिली. टोमॅटो येतात पण जागा खातात आणि खाद्यही जास्त लागतं.

बेल सायफनबद्दल एकच सांगते, काढून टाका. आठवडाभर छान आपोआप भरतो-रिकामा होतो, मग मुळं घुसतात नाहीतर पंप जरा मंदावतो आणि पाणी नुसतं वाहत राहतं. बुडाशी बारीक भोक असलेला साधा उभा पाइप आणि पंपाला टायमर, पंधरा मिनिटं चालू पंचेचाळीस बंद. याने विजेचंही काम झालं. ४० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला जवळपास २९ युनिट, टायमरवर सात-साडेसात. एअर पंप मात्र कायम चालूच.

आता गाव. दिवाळीनंतर तिथे लावलं, किट न घेता, मुंबईच्या लोहार चाळीतून पंप आणि बाकी सामान जमवून. खडी तिथलीच काळ्या दगडाची, क्रशरवरची, नीट धुतलेली. चुनखडीची घेऊ नका, पीएच चढत राहतो. मासे निवडताना मात्र मी मुलुंडसारखे रोहू घेतले नाहीत. सगळे व्हिडिओ तिलापियाचे असतात कारण ही पद्धत ज्यांनी नावारूपाला आणली त्या जेम्स रॅकोसींनी व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात तोच मासा वापरला होता, पण आपल्याकडे तिलापियाच्या शेतीला परवानगी लागते, १९५२ साली आणलेली चिलापी (म्हणजे तिलापियाच) देशभरच्या नदी-तलावांत कशी माजली ते सगळ्यांना माहीत आहे. कुणी थाई मांगूर गळ्यात मारायला बघेल, त्यावर तर बंदीच आहे. आम्ही पंगस घेतला. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की तो वर येऊन हवा गिळतो, आणि गावात हाच मुद्दा सगळ्यात मोठा.

कारण लाइट. जानेवारीत एका रात्री लाइट गेली ती पहाटेपर्यंत आलीच नाही, वहिनी उठून बघते तर सगळे मासे पृष्ठभागावर तोंडं वासून. तिने तांब्याने पाणी उपसून वरून धार धरायला सुरुवात केली, मग दादा, मग भाचा, पाळीपाळीने. तसं केल्याने खरंच हवा मिसळते, एकही मासा गेला नाही, पण हे दर आठवड्याला कोण करणार? त्या रविवारी वहिनी फोनवर म्हणाली, "ताई, तुमची भाजी चांगली आहे पण रात्रीची झोप पण द्या." मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून १२ व्होल्टचा एअर पंप आणि ७ एएचची बॅटरी पाठवली. १० वॅटचा पंप कागदावर आठ तास चालतो, प्रत्यक्षात पाच-सहा धरा. माझ्या मते ग्रामीण घरांसाठी किट विकणाऱ्यांनी हे आधीच आत घालायला हवं, पानभर रंगीत फोटो छापण्यापेक्षा.

थंडीत पंगस खाणं कमी करतो, म्हणजे भाजीही हळू. पण फेब्रुवारीपासून जी सुटली! यंदाच्या एप्रिलमध्ये शेजारी टँकरच्या रांगेत होते आणि वहिनीकडे माठ-मयाळू आठवड्यातून तीन-चारदा निघत होता. पाणी लागतं ते उडून गेलेलं भरायला, दिवसाला एक हंडा, कडक उन्हात दीड. तेवढ्या पाण्यात मातीच्या वाफ्याचं काय झालं असतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. वर शेडनेट मात्र हवीच.

खाद्याचा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने (एफएओ) २०१४ साली छोट्या अ‍ॅक्वापोनिक्सवर जो तांत्रिक पेपर काढला त्यात पालेभाजीला चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य धरलंय. म्हणजे आमच्या २ चौरस मीटरला महिन्याला तीन किलोपर्यंत. तरंगतं खाद्य, विकतचं, आणि हा खर्च कायमचा आहे. बदल्यात आठवड्याला सात-आठ जुड्या. चार माणसांच्या घराची पालेभाजी निघते, धान्य-डाळ निघत नाही, 'घरचं संपूर्ण अन्न' वगैरे जाहिरातीत म्हणतात ते सोडा. माशांचं म्हणाल तर मुलुंडचे रोहू वर्ष होत आलं तरी पाव किलोच्या आसपास, पंगस बरा वाढला, पण एवढ्या टाकीत वर्षाकाठी पाच-सहा वेळा कालवण होईल, त्यासाठी कुणी २६ हजार घालू नये.

आणि घालूही नका, पूर्ण किट घेतलं तर निम्मे पैसे टाकी आणि ट्रेचेच आहेत. भंगारवाल्याकडे हजार लिटरची पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिक टाकी मिळते, वरचा एक फूट कापला की त्याचाच ट्रे होतो, दादाकडे तेच केलंय. फक्त आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा, लेबल बघा, खाद्यतेल किंवा ग्लुकोज असेल तर घ्या, केमिकलचं असेल किंवा लेबलच खरवडलेलं असेल तर कितीही स्वस्त देत असला तरी सोडून द्या. आणि बाहेरून काळा रंग मारून वर पांढरा मारा, नाहीतर उन्हाने आत शेवाळ धरतं आणि सगळं नायट्रेट तेच खातं.