टेन्सच्या करंटने गुडघ्याचं वंगण परत येत नाही

मोफत गुडघेदुखी शिबिरांमधला हा प्रकार घरातल्या ज्येष्ठांना नक्की सांगा. गुडघ्याभोवती चार पॅड चिकटवतात, टेन्स नावाच्या मशीनने वीस मिनिटं करंट देतात आणि लगेच जिना चढायला लावतात. दुखणं खरोखर कमी झालेलं असतं. त्याच भरात "वंगण परत तयार होतंय" असं सांगून तीस सिटिंगचं पॅकेज नाहीतर मशीनच गळ्यात मारतात. पैसे आगाऊ, पावती नाही.

आराम खरा असतो, म्हणूनच माणूस फसतो. टेन्समध्ये त्वचेवरून सौम्य करंट देतात, साधारण ८० ते १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितके ठोके. त्याने स्पर्शाच्या जाड नसा उत्तेजित होतात आणि वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडतो. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलेला हा सिद्धांत. मशीन काढलं की बऱ्याच जणांचा आराम काही तासांत ओसरतो. झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जशीच्या तशी राहते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी टेन्स वापरू नये असं ठामपणे म्हटलं, उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनेही २०२२ मध्ये तेच सांगितलं. दोघांचाही भर व्यायामावर आणि वजन कमी करण्यावर आहे.

"करंट हाडापर्यंत पोचतोय बघा" म्हणत मांडी फडफडेपर्यंत करंट वाढवतात, हा निव्वळ देखावा. नेहमीच्या टेन्सला ठळक पण सोसवतील इतक्या मुंग्या पुरतात.

खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. पेसमेकर आहे का, हे कोणी विचारत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेत का, कापूस आणि टाचणी लावून पाहत नाहीत. एकच पॅड अनेकांना लावून त्याचं जेल वाळतं, कडा सुटतात. मग सगळा करंट चिकटून राहिलेल्या लहानशा जागेतून जातो आणि कातडी भाजते. बधिर पायाला ते कळतही नाही.

मशीनच्या खोक्यावर हर्ट्झ, मायक्रोसेकंद (एक ठोका किती वेळ टिकतो), मिलिअँपिअर (करंटची ताकद), उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक बघा. नुसतं "लेव्हल १ ते ९" लिहिलं असेल तर परत ठेवा.

पैसे गेलेच असतील तर शिबिराचं पत्रक, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि मशीनचे फोटो जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांच्या आत.