माझ्या धनेशावर दुसऱ्याचाच कॉपीराइट

काउंटरवरच्या मुलाने माझ्यासमोर कॅमेऱ्याचा खोका उघडला, बॅटरी घातली, छताच्या पंख्याचा एक फोटो काढला आणि मागच्या स्क्रीनवर नखाने टकटक केलं. "देखो मॅडम, डीएससी झीरो झीरो झीरो वन. पहिला फोटो आपके सामने निकला." मी वाकून पाहिलं. फोटोच्या फाइलचा नंबर खरंच 0001. त्या चार आकड्यांवर विसंबून मी 62 हजार रुपये मोजले.

ही 2022 च्या डिसेंबरातली गोष्ट. मी चिपळूणला शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांच्या मागे हिंडते. जुना निकॉन डी3300 होता, 70-300 ची लेन्स होती. ढोलीतल्या मादीला चारा भरवायला येणारा धनेशाचा नर पंख पसरून उतरतो, तो क्षण त्या कॅमेऱ्यात कधी धड सापडलाच नव्हता. म्हणून घरट्यांचे दिवस सुरू व्हायच्या आत डी7500 ची नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायची ठरवली. सेकंदाला 8 फोटो काढतो, आणि माझी लेन्स त्याला चालते. बहिणीकडे डोंबिवलीला गेले होते, तिथून एक दिवस मुंबईत फोर्टात जाऊन आले.

दोन दुकानांत सात-आठ हजार जास्त सांगितले. तिसऱ्याने 62 सांगितले आणि वर म्हणाला, "पक्का बिल चाहिये तो अठरा परसेंट अलग लगेगा." आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला फक्त वाचणारे पैसे दिसत होते. कच्चं बिल घेतलं. त्यावर 'कॅमेरा, 1 नग', रक्कम आणि वेडावाकडा शिक्का. सिरियल नंबर नाही. 40 हजार यूपीआयने दिले, बाकीचे रोख. यूपीआय करताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं आलं, तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

तरी मी अगदीच भोळी गेले नव्हते. खोक्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडावरच्या नंबराशी ताडून पाहिला. जुळला. मेनूत बॅटरीची माहिती दिसते, तिथे बॅटरीचं वय 0 ते 4 असं दाखवतात. 0 म्हणजे नवी. माझी 0 होती. खोक्याच्या लेबलवर आयातीचा महिना ऑगस्ट 2021 छापलेला होता, म्हणजे जवळजवळ दीड वर्षापूर्वीचा. विचारलं, तर "लॉट पुराना है, माल नया है." असतोही कधी कधी, दुकानात खोके पडून राहतात. वॉरंटी कार्डावर शिक्का मारला, तारखेची जागा मात्र कोरी ठेवली. "आप घर जाके भर लेना." हा उपकार समजून मी थँक्यू म्हणाले.

जानेवारीत गच्चीवरून आकाशाचे फोटो काढताना पहिली शंका आली. उन्हात लेन्सचं छिद्र बारीक करून (एफ/16) काढलेल्या प्रत्येक फोटोत उजव्या कोपऱ्यात त्याच जागी तीन करडे ठिपके. लेन्स बदलली, ठिपके तिथेच. म्हणजे धूळ सेन्सरवर, फोटो टिपणाऱ्या आतल्या चिपवर. पण एवढ्यावरून कॅमेरा वापरलेला आहे असं म्हणता येत नाही. निकॉनचाच डी600 हा 2012 साली आलेला कॅमेरा तर नवाकोरा असतानाच सेन्सरवर ठिपके दाखवायचा, इतका की 2014 मध्ये कंपनीने त्यांचे शटर, म्हणजे सेन्सरपुढचे उघडझाप करणारे पडदे, फुकट बदलून दिले. म्हणून मी गप्प बसले. माझंही काही चुकलं असेल, लेन्स बदलताना वारा लागला असेल, वगैरे.

फेब्रुवारीत धनेश मिळाला. मनासारखा, पंख पूर्ण उघडलेले. माझा एक जुना विद्यार्थी आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याला हौसेने पाठवला. त्याचा फोन आला, "बाई, मूळ फाइल ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर सगळी माहिती पुसली जाते." पाठवली. रात्री परत फोन. जरा चाचरत बोलत होता.

"बाई, हा फोटो तुम्हीच काढलाय ना?"

मी भडकलेच. मग त्याने मला लॅपटॉपवर एक्झिफटूल उतरवायला लावलं. फिल हार्वे यांनी बनवलेला हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेरा जे जे नोंदवतो ते सगळं तो ओळींनी मांडून दाखवतो. दोन-तीनशे ओळी आल्या. शटरचा वेग, छिद्र, तारीख. आणि मध्येच 'आर्टिस्ट' या रकान्यात एका वेडिंग स्टुडिओचं नाव, 'कॉपीराइट'च्या रकान्यात तेच नाव आणि पुढे मोबाइल नंबर. माझ्या चिपळूणच्या धनेशाचा मालक कुणी लग्नाचे फोटो काढणारा! आणखी खाली 'शटर काउंट' अशी ओळ होती: 18,436. दोन महिन्यांत मी फार तर दोन हजार फोटो काढले असतील.

झालं होतं असं. फाइलला जो 0001 नंबर मिळतो तो मेनूतून पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येतो, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. दुकानदाराने तेवढं केलं होतं. शटर किती वेळा उघडलं याचा हिशेब कॅमेरा स्वतःच्या पोटात वेगळा ठेवतो. कार्ड फॉरमॅट करा, सेटिंग रिसेट करा, तो बदलत नाही. कॉपीराइटचं नाव आधीच्या मालकाने मेनूत भरून ठेवलं होतं आणि दुकानवाल्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं. सुचलं असतं तर मला आजवर पत्ता लागला नसता.

स्टुडिओवाल्यांना दुसऱ्या दिवशी फोन केला. माणूस सज्जन निघाला. ऐकून आधी हसला, मग एकदम गंभीर झाला. "ताई, मी तो नोव्हेंबरात एक्स्चेंजला दिला. नवा मिररलेस कॅमेरा घेतला ना. मला 31 हजार धरले त्याचे. खोका, चार्जर, बेल्ट, सगळं मागून घेतलं त्यांनी, खोका नसेल तर दोन हजार कमी म्हणाले." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की खोका आणि कॅमेऱ्याचा नंबर जुळला यात नवल काही नव्हतंच. खोका त्याचाच होता. स्टुडिओवाल्याने आपलं पक्कं बिल व्हॉट्सअॅपवर पाठवलं, ऑक्टोबर 2021 चं, सिरियल नंबरासकट. वॉरंटी त्या तारखेपासून धावत होती.

मग कॅमेरा भिंगाखाली धरला, विज्ञानाच्या बाईकडे भिंग असतंच. वरती फ्लॅश सरकवतात त्या पट्टीचा काळा रंग दोन्ही कडांना खरवडून पितळी पिवळा दिसत होता. मी आयुष्यात त्यावर फ्लॅश लावलेला नाही. बुडाच्या ट्रायपॉडच्या आट्यांवर चकाकी, लेन्स जिथे फिरून बसते त्या धातूच्या कड्यावर बारीक गोल ओरखडे. हे सगळं दुकानाच्या पांढऱ्या उजेडात, समोर चहा ठेवलेला असताना, दिसत का नाही? बघितलंच नाही म्हणून.

कुणी घ्यायला निघालं असेल तर एवढं नक्की करा. स्वतःचं कार्ड घेऊन जा, एक फोटो काढा आणि पैसे द्यायच्या आधी मूळ जेपीईजी फाइल लॅपटॉपवर उघडून शटर काउंट बघा. निकॉनच्या एसएलआरमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत, तो फोटोतच मिळतो, सोनीच्या बऱ्याच मॉडेलमध्येही. कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोत मिळत नाही, तिथे केबल जोडून किंवा सर्व्हिस सेंटरला नेऊन विचारावं लागतं. आकडा दहा-वीस-पन्नास आला तर घाबरायचं कारण नाही, कारखान्यात तपासताना तेवढे फोटो काढतात. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, मात्र इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडदा न हलवता) काढलेले फोटो आणि तासन् तास केलेलं व्हिडिओ शूटिंग या आकड्यात दिसेलच असं नाही, तिथे फ्लॅशची पट्टी आणि लेन्सचं कडंच नीट बघायचं. कॉपीराइटचा रकाना उघडून बघा, चालू करताच कॅमेरा भाषा आणि तारीख विचारतो का तेही बघा. न विचारता बरोबर वेळ दाखवत असेल तर तो कुणीतरी आधी चालवलाय. दुकानदाराने डेमोसाठी चालवला असेल, पण मग तसं त्याने सांगितलं पाहिजे. आणि बिल पक्कं, त्यावर सिरियल नंबर, वॉरंटी कार्डावर तारीख दुकानदाराच्याच हस्ताक्षरात.

मार्चमध्ये नवऱ्याला घेऊन परत फोर्टात गेले. तो मुलगा नव्हता, शेठ होते. आधी "डेमो पीस होगा", मग "हमारा माल ही नहीं है". कच्च्या बिलाने त्यांना तेवढी मोकळीक दिली होती. मी यूपीआयची नोंद आणि स्टुडिओचं बिल शेजारी शेजारी ठेवलं आणि सांगितलं, 1915 ला फोन केलाय. खरंच केला होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून नंबर मिळाला होता. हेही सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावू शकते, तुम्हाला तिथे यावं लागेल, आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला मला फी पडत नाही. रत्नागिरी हा शब्द ऐकून शेठ जरा थांबले. किती तास लागतात, असं त्यांनी खरंच विचारलं.

पूर्ण पैसे परत मागायला हवे होते. पण कॅमेरा चालत होता. शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं, त्या हिशेबाने 18 हजार म्हणजे काहीच नाही. फेब्रुवारी गेला होता, शाळेत परीक्षा होत्या, आणि आयोगात तारखा पडत राहिल्या असत्या. शेठ 10 वर अडले, नवरा 25 म्हणत राहिला, 18 हजारांवर मिटलं. नवऱ्याच्या मते मी घाई केली. मला अजून ठरवता आलेलं नाही.

नोटा मोजून घेतल्यावर मी परत दिलेल्या पैशांची पावती मागितली. शेठनी तेच पुस्तक काढलं, तोच शिक्का. या वेळी मी पेन हातातून घेतलं आणि सिरियल नंबर स्वतः लिहिला, मगच सही करू दिली.