तान्हे बाळ, कार सीट आणि विमानप्रवास: बेळगावातून वर्षभराच्या वापरानंतर

बेळगावात राहणाऱ्या आणि नोकरी, नातेवाईक किंवा दवाखान्याच्या निमित्ताने मुंबई, बंगळूर, दिल्लीला ये-जा असणाऱ्या घरात तान्हे बाळ आले की कार सीट विमानातून सोबत न्यावी की घरीच ठेवावी, हा प्रश्न हमखास निघतो. माझे मत आधीच सांगून टाकते. सीट न्यावी; विमानात तिचा काहीही उपयोग झाला नाही तरी हरकत नाही, पण विमानतळाबाहेर पडल्यावर जो रस्ता लागतो त्यासाठी ती हवीच. हे एकदा मनाशी पक्के केले की कोणती सीट घ्यावी, ती सामानात द्यावी की विमानाच्या शिडीपर्यंत न्यावी आणि बाळासाठी वेगळे तिकीट काढावे का, या पुढच्या प्रश्नांची उत्तरे बरीच सोपी होतात.

आम्ही दोन सीट वापरल्या. मुलगी अगदी लहान होती तेव्हा हँडल असलेला, टोपलीसारखा उचलता येणारा इन्फंट कॅरिअर घेतला. तो जन्मापासून १३ किलो वजनापर्यंत चालतो आणि त्यात बाळाचे तोंड कायम गाडीच्या मागच्या दिशेला असते. ती त्यात मावेनाशी झाल्यावर १८ किलोपर्यंत चालणारी कन्व्हर्टिबल सीट घेतली, जी आधी उलटी, म्हणजे बाळाचे तोंड मागे करून, आणि नंतर सुलटी बसवता येते, पण जिचे वजन कॅरिअरच्या दुपटीच्या घरात आहे. दोन्हींवर युरोपीय मानकाची नारिंगी चिकटपट्टी आहे. या मानकांपैकी जुने आर-४४ बाळाच्या वजनावर चालते, तर नवे आर-१२९ उंचीवर चालते आणि किमान १५ महिने बाळाला उलटेच बसवण्याची अट घालते. आपल्याकडचे एआयएस-०७२ हे मानक आर-४४ च्या धर्तीचे आहे. दुकानात गेल्यावर कापडाचा रंग आणि उशीचा मऊपणा पाहण्याआधी सीट उलटी करून ही चिकटपट्टी शोधावी, आणि ती नसेल तर दुकानदार कितीही सवलत देत असला तरी पुढे जावे.

विमानाच्या बाबतीत या चिकटपट्टीने काम भागत नाही. अमेरिकी सीटवर ती मोटारगाडी आणि विमान या दोन्हींत वापरण्यास मान्य असल्याचे लाल अक्षरांत छापलेले असते, आणि काही युरोपीय सीटवर जर्मनीच्या ट्यूफ संस्थेची विमानात वापरासाठीची वेगळी खूण असते. असे काही नसेल तर विमान कंपनीला आधी फोन करून, मॉडेलचे नाव सांगून, शक्य झाल्यास ईमेलवर लेखी होकार घेऊन ठेवावा, कारण विमानाच्या दारात उभे राहून वाद घालण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. याहून मोठी अडचण पट्ट्याची आहे. विमानात केवळ कमरेचा पट्टा असतो आणि आमच्या कॅरिअरला कमरेचा व खांद्याचा असे दोन्ही पट्टे लागतात, त्यामुळे तो विमानाच्या आसनावर नियमाप्रमाणे बसतच नाही. फक्त आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या आसनात बसवलेल्या कड्यांवर, बसणाऱ्या महागड्या सीटची गतही तीच, कारण त्या कड्या विमानात नसतात. मोठ्या मुलांना उंच बसवणारा बूस्टरही खांद्याच्या पट्ट्यावाचून निरुपयोगी ठरतो. खरेदीच्या वेळी पुस्तिकेत नुसत्या कमरेच्या पट्ट्याने सीट बसवण्याची आकृती दिली आहे का, एवढे पाहिले तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

दुसरा मुद्दा रुंदीचा. विमानाचे साधे आसन दोन हातांच्या मध्ये साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर भरते, आणि सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीची सीट बहुतेक विमानांत मावते असा अमेरिकी विमान प्रशासनाचा ठोकताळा आहे. कप ठेवायची कडी बाहेर आलेल्या दणकट सीट तिथे अडकतात. सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, उडणारी बरीच विमाने लहान असतात, हेही ध्यानात ठेवावे. एटीआर या पंख्याच्या विमानात दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात आणि डोक्यावरचे कप्पे इतके उथळ असतात की कॅरिअर त्यात ठेवण्याचा विचारही करू नये. पन्नास आसनी एम्ब्रेअरमध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन आसने असतात, म्हणून बाळाला स्वतंत्र आसन घ्यायचे झाल्यास दोनाची बाजूच मागून घ्यावी. सीट खिडकीशी ठेवतात, म्हणजे इतरांची वाट अडत नाही, आणि आपत्कालीन दाराच्या ओळीत ती मुळीच चालत नाही.

मुलगी दीड वर्षाची झाल्यावर दिल्लीच्या प्रवासात आम्ही तिच्यासाठी आसन घेऊन कन्व्हर्टिबल सीट सुलटी बसवली. कंपनीच्या संकेतस्थळावर दोन वर्षांखालच्या बाळासाठी आसन निवडायची सोय सापडली नाही. फोनवर बरीच वाट पाहून लहान मुलाच्या दराने तिकीट झाले. सीट बसवताना एक बारीकशी गोष्ट आडवी आली. विमानाच्या पट्ट्याचे बकल झडप वर उचलून उघडते, आणि पट्टा सीटच्या मागच्या खोबणीतून ओवून आवळला की हे बकल नेमके खोबणीच्या कडेखाली जाऊन बसते. मग उतरताना झडप उचलायला बोटभरही जागा उरत नाही. झडप आपल्या बाजूला, मोकळ्या भागाकडे येईल असा पट्टा ओवून, एकदा उघडून पाहून मगच तो घट्ट करावा आणि त्यानंतर बाळाला बसवावे. एवढे जमल्यावरचा प्रवास मात्र सुखाचा झाला. स्वतःच्या ओळखीच्या सीटमध्ये मुलगी ऐसपैस झोपली असे म्हणता येणार नाही, पण मांडीवर जी चुळबुळ चालते ती निम्म्याहून कमी झाली आणि माझे दोन्ही हात मोकळे राहिले.

तरीही दरवेळी वेगळे आसन घ्यावे असे मी म्हणणार नाही. दोन वर्षांखालील बाळ मांडीवर घेऊन जाता येते आणि कर्मचारी आपल्या पट्ट्यात अडकवायचा जोडपट्टा देतात. अमेरिकेत हा जोडपट्टा विमान उडताना आणि उतरताना चालत नाही, कारण धक्क्याच्या वेळी मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येऊ शकतो. मांडीवरच्या बाळाचा धोका काल्पनिक नाही. १९८९ साली अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे २३२ क्रमांकाचे विमान कोसळले, तेव्हा मांडीवरच्या बाळांना जमिनीवर ठेवून धरायला सांगण्यात आले होते, आणि त्यांतले एक दगावले. त्या विमानातल्या मुख्य हवाई सेविका जॅन ब्राऊन यांनी पुढे बाळांना स्वतंत्र सीट सक्तीची व्हावी म्हणून अनेक वर्षे पाठपुरावा केला. अमेरिकी विमान प्रशासनाने तरीही सक्ती केली नाही. तिकिटाचा खर्च वाढला तर कुटुंबे मोटारीने जातील, आणि रस्ता विमानाहून जास्त धोक्याचा आहे, असा त्यांचा हिशेब होता. पुणे-बंगळूर महामार्गावर रोज काय चालते ते पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब कोणी समजावून सांगायची गरज नाही. बेळगावहून मुंबई किंवा बंगळूरच्या तासाभराच्या उड्डाणाला मी मुलीला मांडीवर घेते. लांबच्या उड्डाणाला, परवडेल तेव्हा, आसन घेते.

सीट विमानापर्यंत नेण्याचा भाग मात्र निगुतीने करावा लागतो. सुरक्षा तपासणीत बाळाला बाहेर काढून सीट यंत्रातून पाठवावी लागते. ती यंत्रात मावली नाही तर कर्मचारी हाताने तपासतात, यासाठी पंधरा-वीस मिनिटे जास्त धरून निघावे. सांबऱ्याला विमानाला थेट जोडणारा पूल नाही. धावपट्टीलगत चालत जाऊन शिडी चढायची असते, आणि पावसाळ्यात एका हातात बाळ, दुसऱ्या हातात कॅरिअर आणि खांद्यावर बॅग घेऊन ही शिडी चढणे हे एकट्या बाईचे काम नव्हे. अशा वेळी बाळाला अंगाशी बांधायची झोळी सर्वांत उपयोगी पडली. सीट शिडीपाशी देऊन टॅग घ्यावा आणि उतरल्यावर ती शक्य तर तिथेच मागावी.

काउंटरवर, इतर सामानाबरोबर, सीट देऊ नये असे मी आग्रहाने सांगते. एका प्रवासात काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ती तिथेच द्यावी लागेल असे बजावले, नाजूक वस्तूच्या टॅगवर सही घेतली, आणि मुंबईला पट्ट्यावरून कॅरिअर आला तेव्हा हँडलच्या सांध्यापाशी चीर गेली होती. तक्रार केल्यावर तीच सही पुढे करण्यात आली. प्रश्न हँडलच्या चिरेपुरता असता तर सोडून दिले असते. पण सीटच्या कवचाच्या आत धक्का शोषणारा फोम असतो, तो आतून तडकला तर वरून काहीच कळत नाही. नाइलाजाने सामानात द्यावीच लागली, तर जाड अस्तराच्या पिशवीत, आतल्या मोकळ्या जागेत बाळाचे कपडे कोंबून द्यावी.

आता रस्त्याविषयी, कारण सीटचे खरे काम तिथेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ बी आले आणि १४ वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेल्यास १,००० रुपये दंड ठरला, पण मोठ्या शहरांतल्या टॅक्सीत बसल्यावर हा कायदा कागदावरच राहिलेला दिसतो. मागच्या आसनावर जाड रेक्झिनचे कव्हर ओढलेले असते आणि त्याखाली पट्ट्याचे बकल दडपलेले असते. पट्टा भिंतीकडून लोंबतो, पण तो अडकवायला जागाच नसते. चालकाला गाडी सुरू करण्याआधीच, नम्रपणे, बकल वर काढून द्यायला सांगावे. बहुतेक जण देतात. एकाने तर कव्हरला चाकूने चीर पाडून दिली. डिकीत सीएनजीची टाकी असल्यामुळे बाबागाडीला जागा उरत नाही, म्हणून कॅरिअर किंवा बाबागाडी यांपैकी एकच न्यायचे असेल तर मी कॅरिअर निवडीन.

आपल्याकडच्या रस्त्यांवर तो जास्तच उपयोगी पडला. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून विमान असले की आंबोलीचा घाट उतरावा लागतो, आणि त्या वळणांवर मांडीवरचे बाळ सावरता सावरता आईच आजारी पडते. कॅरिअरमध्ये मान एका जागी राहते. मात्र तान्ह्या बाळाला सलग दोन तासांहून अधिक सीटमध्ये ठेवू नये, आणि मान छातीवर पडत असेल तर सीटचा कल लगेच तपासावा. पुण्याला जाताना आम्ही कोल्हापूर आणि कराडला थांबतोच. थंडीत आणखी एक पथ्य पाळावे लागते. आपल्याकडे पहाटे निघताना बाळाला स्वेटर, त्यावर स्वेटर आणि कुंची चढवतात. जाड कपड्यांवरून आवळलेला पट्टा प्रत्यक्षात सैल असतो. पातळ कपड्यांवर पट्टा आवळून, वरून वाकळ पांघरावी. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो अजून सैल आहे असे समजावे.

घरातल्यांचे मन वळवायला वेळ लागला. "काय गं, लेकराला असं बांधून घालत्यात होय?" असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तच होते, कारण त्यांची सगळी नातवंडे मांडीवरच खानापूर-बेळगाव करत वाढली. मी वाद घातला नाही. आंबोली उतरताना त्या शेजारी बसल्या, मुलगी झोपून राहिली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढच्या आसनाला धरायला मोकळे सापडले, तेव्हापासून निघताना "खुर्ची घेतली काय?" असे त्याच विचारू लागल्या.

काही तक्रारी सीटविषयीही आहेत. कन्व्हर्टिबल सीटचे कापड काढून धुता येते असे खोक्यावर लिहिले आहे, पण ते परत चढवणे हे दोघांचे काम आहे. विमानतळावर गाडी उन्हात उभी राहिली की बकलचा धातू चटका बसण्याइतका तापतो, म्हणून बाळाला बसवण्याआधी त्याला हात लावून पाहावा. आणि ही सीट घेऊन शिडी चढणे नवऱ्यालाही नकोसे होते. यापुढच्या विमानप्रवासांसाठी आम्ही केअर्स नावाच्या पट्ट्याचा विचार करतो आहोत. तो विमानाच्या आसनाच्या पाठीला अडकवतात, १० ते २० किलो वजनाच्या आणि साधारण एक मीटर उंचीपर्यंतच्या मुलाला चालतो, अमेरिकी विमान प्रशासनाने मान्य केलेला आहे आणि पर्समध्ये मावतो. गाडीत मात्र तो चालत नाही, त्यामुळे उतरल्यावरच्या टॅक्सीचा प्रश्न तसाच राहतो.

चिरलेला कॅरिअर धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्या बाळासाठी मागितला होता. तो मी दिला नाही. पट्टे कापून टाकले, म्हणजे भंगारातून पुन्हा कोणाच्या गाडीत जायला नको. त्यांना नवा, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावरही बसणारा आणि ४० सेंटिमीटरच्या आसपास रुंदीचा कॅरिअर घ्यायला सांगितले आहे, आणि दुकानात जाताना मोजपट्टी माझ्याकडून घेऊन जा असेही.