सोलरच्या गरम लाइनला काय चढवावं: फोम, नायट्राइल की ग्लासवूल?

पाणी तापवणारा सोलर घ्यायचा ठरला की टाकी किती लिटरची, ट्यूबवाला बरा की फ्लॅट प्लेट, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. टाकीपासून बाथरूमपर्यंत येणाऱ्या गरम लाइनवर इन्सुलेशन म्हणून (उष्णता बाहेर जाऊ न देणारं आवरण) काय चढवायचं, हे मात्र कामाच्या दिवशी प्लंबर जे घेऊन येईल त्यावर सोडलेलं असतं. आमच्याकडेही तसंच झालं. पांढरा फोम चढला. दुसरा उन्हाळा संपेपर्यंत त्याला बोट लावलं की पीठ गळायचं, आणि उरलेला कावळ्यांनी टोचून नेला. दुसऱ्यांदा खर्च करताना मी नीट हिशेब मांडला, तो इथे देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. इन्सुलेशन पाणी गरम ठेवत नाही, ते गार व्हायला उशीर लावतं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं. 20 मीटरची लाइन असेल तर 5 लिटर. रात्रभर लाइनीत थांबलेलं हे पाणी सकाळी गारच निघणार, वर काहीही चढवा. बाहेर 20 अंश असताना 60 अंशांचं पाणी उघड्या पाइपात 40 वर यायला माझ्या हिशेबाने वीस-पंचवीस मिनिटं लागतात, वारा असेल तर त्याहून कमी. 13 मिमी जाडीचं नायट्राइल (फोमसारखं काळं रबर) असेल तर तासभर, 19 मिमी असेल तर सव्वा तास. म्हणजे फायदा पहिल्या आंघोळीला नाही, मागून येणाऱ्यांना आहे. पहिली अर्धी बादली वाचवायची असेल तर लाइनच आखूड घ्या आणि विनाकारण इंची पाइप टाकू नका. तेवढ्याच लांबीच्या इंची लाइनीत साडेआठ लिटर अडकतं.

आता माल. दुकानात सगळ्यात स्वस्त मिळतो तो पीई, म्हणजे पॉलिइथिलीन, फोम. उष्णता अडवण्यात तो नायट्राइलपेक्षा मागे नाही. उष्णता किती जाऊ देतात याचे दोघांचेही आकडे (W/mK मध्ये) 0.035 ते 0.04 च्या आसपास येतात. फरक सोसण्यात आहे. साधा फोम 80-90 अंशांपुढे आकसायला लागतो. एप्रिल-मेमध्ये घर आठवडाभर बंद राहिलं की टाकीतलं पाणी तिथवर पोहोचतं, त्यामुळे टाकीजवळचा पहिला मीटर आधी जातो. शिवाय ऊन. म्हणून फोम घरातल्या लाइनीला, भिंतीत झिरी पाडून बसवलेल्या पाइपला वापरा. तिथे 9 मिमी पुरतो. प्लास्टर होण्याआधी आठवणीने चढवा, नंतर संधी नाही.

काळी नायट्राइलची नळी 105 अंशांपर्यंत टिकते, लवचीक असते, आणि तिचे छिद्र बंद असल्यामुळे पाणी आत झिरपत नाही. पण उघड्या उन्हात तीही तडकते. वर अॅल्युमिनियम फॉइलचं किंवा ग्लास क्लॉथचं आवरण हवं, निदान तिच्यासाठी मिळणारा रंग तरी. आवरणाशिवाय नायट्राइल घेणं म्हणजे फोमपेक्षा जास्त पैसे देऊन तेच दुखणं चार वर्षं पुढे ढकलणं. गच्चीवरच्या घरगुती लाइनीसाठी माझा कौल 13 मिमी नायट्राइल आणि वर आवरण, यालाच आहे. 19 मिमी घेऊन वाढणारी पंधरा मिनिटं मला त्या पैशांच्या मोलाची वाटत नाहीत. आवरणावर खर्च करा.

ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, हा बॉयलरच्या, वाफेच्या लाइनीचा माल. हॉटेल, हॉस्पिटल, कारखाना इथे त्याला तोड नाही, कारण नायट्राइल जिथे हात टेकतं तिथेही ते टिकतं. घरावर मात्र नको. वरच्या पत्र्याचा एक सांधा उघडला की पावसाळाभर पाणी पितं. ओलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही आणि आतला जी.आय. (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप गुपचूप गंजवतं.

एसीच्या तांब्याच्या नळ्यांना फक्त नायट्राइल. तिथे झगडा घामाशी, म्हणजे गार नळीवर साचणाऱ्या दवाशी असतो, आणि कोकणात, मुंबईत तो फार. बहुतेक स्प्लिट एसीत बारीक नळीही गार असते, त्यामुळे तांब्याच्या दोन्ही नळ्यांना नायट्राइलची वेगवेगळी नळी चढवून घ्या. एकीत दोन्ही कोंबू देऊ नका.

मापात सगळे चुकतात. नळीचं आतलं माप पाइपच्या बाहेरच्या व्यासाशी जुळवायचं असतं. पाऊण इंची सीपीव्हीसी बाहेरून 22 मिमी, पाऊण इंची जी.आय. मात्र जवळजवळ 27 मिमी. दुकानात नुसतं ‘पाऊण इंच’ सांगितलं की हमखास दुसरीच नळी हातात येते, सैल बसते आणि मधल्या पोकळीतून पाणी शिरतं. पाइपचा वीतभर तुकडा सोबत न्या.

बसवताना लाइन रिकामी आणि थंड हवी. नळीला लांबीत चीर दिली असेल तर चीर खालच्या अंगाला ठेवा. एल्बोवर (पाइपच्या वळणावर) नळी वाकवून ओढू नका, बाहेरच्या बाजूला ती ताणून पातळ होते. धारदार सुरीने दोन तुकडे 45 अंशांत कापा आणि सोल्युशन (चिकटवायचा गोंद) दोन्ही तोंडांना लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावर दाबा. सोल्युशन सीपीव्हीसीला लागू देऊ नका. स्वस्त रबरातल्या काही प्लॅस्टिसायझरनेही (रबर मऊ ठेवणाऱ्या रसायनांनी) सीपीव्हीसीला तडे जातात, तेव्हा सीपीव्हीसीला चालेल ना, हे दुकानदाराला विचारूनच नळी घ्या. क्लॅम्प नळीवरून आवळला तर तिथे जाडी उरत नाही. मोठ्या पीव्हीसी पाइपचा अर्धगोल तुकडा मध्ये ठेवा आणि क्लॅम्प जरा सैलच ठेवा, कारण 10 मीटर सीपीव्हीसी 40 अंशांनी तापली की सुमारे 25 मिमी लांबते.

पहिला वळीव पडून गेला की गच्चीवर जाऊन प्रत्येक एल्बोजवळ नळी दाबून पाहा. ओल लागली तर तेवढाच तुकडा कापून नवा बसवा, सगळी लाइन उकलायची गरज नाही.