नगरपरिषदेच्या नव्या इमारतीचा आराखडा: टेरेसवरची शेड कुणी काढायची?

कोकणात कुठल्याही तालुक्याच्या गावी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची सरकारी इमारत मान वर करून बघा. सपाट स्लॅब, भोवती कठडा, आणि त्यावर लोखंडी पाइपांवर उभी केलेली निळी नाहीतर हिरवी पत्र्याची शेड. मूळ नकाशात ही शेड सहसा नसते. चार-सहा पावसाळ्यांत स्लॅब झिरपायला लागतो, एका वर्षी डांबर फासतात, दुसऱ्या वर्षी केमिकल मारतात, आणि शेवटी दुरुस्तीच्या खात्यातून शेड चढते. म्हणजे इमारतीचं खरं छप्पर आर्किटेक्टने काढलेलंच नसतं, ते फॅब्रिकेटर जागेवर टेप लावून ठरवतो.

किनाऱ्यावरच्या एका नगरपरिषदेने नवी प्रशासकीय इमारत आणि आवारातली बाग यांचा आराखडा लोकांच्या हरकती-सूचनांसाठी मांडला आहे. तळमजला अधिक दोन मजले, अर्धं तळघर, सुमारे ६०० चौरस मीटर सपाट टेरेस, पश्चिमेला पूर्ण काचेची दर्शनी भिंत, पुढे ८०० चौरस मीटर हिरवळ आणि रॉयल पामच्या दोन रांगा. गावाचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही, असले आराखडे सगळ्या किनाऱ्यावर फिरतात. थ्रीडी चित्र देखणं आहे, आकाश नोव्हेंबरचं आहे, आणि शेड अर्थातच नाही.

आधी टेरेसचंच बघू. नकाशात पावसाच्या पाण्याचे १०० मिलीमीटर व्यासाचे सहा पाइप दाखवलेत. म्हणजे एका पाइपाच्या वाट्याला १०० चौरस मीटर. तासाला १०० मिलीमीटर पाऊस धरला तर असा एक पाइप साधारण ४३ चौरस मीटरचं पाणी वाहून नेतो, १५० मिलीमीटर धरला तर २८. आषाढातल्या जोराच्या सरीला पहिला आकडाही सढळ नाही. त्या हिशेबाने इथे किमान १४ पाइप हवेत, खरं तर २१. सहा पाइपांवर ६०० चौरस मीटर सोडलं की पहिल्या आकड्यानेही तासाला पडणाऱ्या साठ हजार लिटरपैकी सुमारे चौतीस हजार लिटर पाणी कठड्याच्या आत तुंबतं, आणि एखाद्या जाळीवर बदामाचं पान बसलं की हिशेब आणखी बिघडतो. पाणी उभं राहिलं की ते सगळ्यात कच्ची जागा शोधतं, आणि ती बहुतेक वेळा कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातला वाटा, म्हणजे तिथे घालतात ती सिमेंटची गोलाई, असते. कोब्याला १:१०० उतार लिहिलाय, वाटा मात्र कुठल्याच डिटेलमध्ये काढलेला नाही. गवंडी तो आपल्या अंदाजाने घालणार.

त्यापेक्षा शेड पहिल्या दिवसापासून छप्पर म्हणून काढावी. स्लॅबवर २५ ते ३० अंशांचा कैच्यांचा सांगाडा, वर मंगलोरी कौलं किंवा जाड पत्रा, चारी बाजूंनी भिंतीच्या बाहेर आलेली वळचण. स्लॅब सुका राहतो, वरचा मजला उन्हाळ्यात तापत नाही, दक्षिणेच्या उतारावर सोलर पॅनल बसतात. खर्च वाढतो हे खरं, पण तो पुढे तसाही होतोच, फक्त दोन वेळा वॉटरप्रूफिंग वाया घालवून मग होतो. वारा मात्र हिशेबात धरायला हवा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० किलोमीटरला चौरस मीटरवर साधारण ६८ किलोचा दाब येतो, आणि छपराच्या कडांना, कोपऱ्यांना ओढ याहून बरीच जास्त असते. म्हणून मधल्या भागात पत्र्याच्या एका आड एक उंचवट्यावर स्क्रू चालतील, पण वळचणीला आणि आढ्याला प्रत्येक उंचवट्यावर हवा, आणि कडेच्या दोन खणांत पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे दांडे) जवळ-जवळ घ्यायला हवेत. पत्रा आधी कोपऱ्यातून उचकटतो, मधून नाही.

इथे एक बारकावा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारण्यासारखा आहे. वाऱ्याच्या भारतीय मानकात (आयएस ८७५, भाग ३, २०१५) वादळानंतर चालू राहायलाच हव्यात अशा इमारतींसाठी वाऱ्याचा वेग १.३ पट धरायला सांगितलंय, पण ते पूर्व किनारा आणि गुजरातच्या किनाऱ्यापुरतं. आपल्या किनाऱ्याला ते बंधन नाही, म्हणून हिशेबात धरलेलं नाही. नगरपरिषदेची इमारत म्हणजे वादळाच्या दुसऱ्या दिवशी पंचनाम्याचे कागद जिथे जमा होतात ती जागा. निदान छपराला आणि खिडक्यांना १.३ धरावा. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ १.७ पट होतो. त्याने कैच्या जाड होतील, खांबांना फार फरक पडणार नाही.

आता पश्चिमेची काच. समुद्राकडे तोंड म्हणजे दृश्य छान, हे मान्य. पण तिकडूनच झड येते आणि तिकडूनच दुपारी तीन ते सहाचं ऊन. काचेवर प्रत्येक मजल्याला ४५ सेंटीमीटरचा छज्जा काढलाय. मध्यम थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास वेगाने पडतो. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असला, आणि जुलैत तो रोजचाच, तर थेंब एक मीटर खाली येईपर्यंत दीड मीटर आडवा जातो. ४५ सेंटीमीटरचा छज्जा त्या वाऱ्यात फक्त वरची ३० सेंटीमीटर काच कोरडी ठेवणार. सव्वा मीटरची खिडकी सांभाळायची तर पावणेदोन ते दोन मीटर पुढे यावं लागतं. एवढा छज्जा कुणी काढत नाही, एवढी पडवी काढतात. जुन्या घरांची पडवी हौसेपोटी आलेली नाही, ती या गुणोत्तरातून आली.

काचेच्या भिंतीतून पाणी आत येतं ते काच फुटून नव्हे, सिलिकॉनच्या सांध्यातून आणि खालच्या ट्रॅकच्या भोकांतून. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला ठेवलेली ती भोकं वाऱ्याचा दाब आला की उलटी चालतात. त्यात दर्शनी भागाच्या उरलेल्या पट्ट्यांना एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचं) पॅनल लिहिलंय आणि मागच्या सांगाड्याला नुसतं ‘जीआय’, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड. खाऱ्या हवेत जस्ताचा थर कापलेल्या टोकापासून आणि वेल्डिंगपासून खायला लागतो. पॅनल नवं कोरं दिसतं आणि मागचा सांगाडा कुजलेला असतो. सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा आणि स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे हवेत, आणि हे अंदाजपत्रकाच्या त्याच बाबीत लिहिलेलं हवं. तिथे लिहिलं नाही तर ठेकेदार स्वस्तातलं लावणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

चांगलंही आहे. मधला ९ बाय १२ मीटरचा चौक ही या आराखड्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट. त्यामुळे प्रत्येक खात्याला दोन बाजूंनी वारा मिळतो, आणि मे महिन्यात लाइट गेली तरी कर्मचारी बसू शकतील. घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखले, सगळ्या खिडक्या तळमजल्यावर आहेत. मात्र जोतं ९०० मिलीमीटर उंच आणि रॅम्प साडेसात मीटर लांब. उतार १:१२ हवा, म्हणजे १०.८ मीटर, मधला विसाव्याचा टप्पा धरून १२ मीटरच्या वर. काढलेला रॅम्प १:८ च्या आसपास जातो. त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढत नाही, आणि तो उघड्यावर असल्यामुळे श्रावणापर्यंत त्यावर शेवाळ धरलेलं असणार. रॅम्प चौकाच्या कडेने छपराखालून वळवला तर लांबीही मिळते. पायऱ्यांना पॉलिश ग्रॅनाइट लिहिलाय, तो काढून टाकी मारलेला काळा दगड घ्यावा.

प्रवेशाला छपराखाली जेमतेम दीड मीटर जागा आहे. जूनमध्ये दहा माणसं एकदम आली तर छत्री मिटायची कुठे? ओल्या छत्र्या आत येतात, विट्रिफाइड टाइलवर पाणी होतं, कुणीतरी पोतं टाकतं. तीन मीटरचा पोर्च, दारात जाळीखाली पाणी निघून जाणारं चर आणि भिंतीला छत्र्यांचा दांडा, एवढ्याने काम होतं. खर्च नगण्य आहे, पण थ्रीडीत दिसत नाही म्हणून राहून जातो.

काँक्रीटची टीप सगळ्यात गंभीर आहे, आणि ती नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत आहे: एम २५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ३० मिलीमीटर. हे मध्यम परिस्थितीचे आकडे, घाटावरच्या कुठल्यातरी कामाच्या नकाशावरून आले असावेत. आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याची हवा ‘तीव्र’ वर्गात येते: एम ३०, कव्हर ४५ मिलीमीटर, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५च्या आत, सिमेंट घनमीटरला किमान ३२० किलो. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि कव्हर ५०. पंधरा मिलीमीटरचा फरक मामुली वाटतो. पण हवेतलं मीठ काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचायला जो वेळ घेतं तो या जाडीवर असतो. गंज सळईपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. सुरुवात छज्ज्याच्या खालच्या अंगाला, सळईच्या रेषेत उमटणाऱ्या तपकिरी डागाने होते. पुढे एक बारीक सरळ चीर, मग ढलपा. साईटवर खाडीजवळच्या बोअरचं पाणी वापरणार असतील तर क्लोराइडची तपासणीही हवी, सळईच्या काँक्रीटला मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत १९०४ साली चुंबकत्वाच्या मोजणीत बाधा नको म्हणून लोखंड टाळून इमारती उभारल्या होत्या. इथे लोखंड टाळता येत नाही, निदान झाकावं तरी नीट.

अर्ध्या तळघरात रेकॉर्ड रूम आणि इलेक्ट्रिक पॅनल आहे. जांभ्याखाली चिकण मातीचा थर असतो. पावसाचं पाणी जांभ्यातून उतरून त्या थरावर अडतं आणि खोदकाम जिथे त्याला छेद देतं तिथून झऱ्यासारखं वाहू लागतं. मेमध्ये खड्डा कोरडा असतो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पंपावर भिस्त ठेवली तर लाइट गेल्यावर पंपही बंद. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळुणात काय झालं ते बघितल्यावरही पॅनल खाली काढणं समजत नाही. दोन्ही पहिल्या मजल्यावर न्यावं, खाली दुचाकी लावाव्यात.

‘स्थानिक साहित्य’ म्हणून जांभ्याचा उल्लेख अहवालात तीनदा आहे. प्रत्यक्षात तो पातळ चकत्यांच्या रूपात वीटकामावर चिकटवायचा आहे, वर चकचकीत कोटिंग. जांभा पाणी पितो आणि सोडतो. कोटिंगने सोडायची वाट बंद होते, चकती मागून ओली राहते, काळी पडते आणि सुटते. जांभ्याच्या चिऱ्यांची पूर्ण जाडीची भिंत बांधावी, खालचे दोन थर काळ्या दगडाचे घ्यावेत, बाहेरून फक्त दर्ज भरावेत. रत्नागिरीचा थिबा राजवाडा जांभ्याचा आणि उतरत्या छपरांचा आहे. १९१० पासून शंभरावर पावसाळे त्याने काढलेत.

बागेचा भाग वाचून वाटतं की तो दुसऱ्याच राज्यातून आला. ८०० चौरस मीटर हिरवळीला मेमध्ये रोज चौरस मीटरला पाच लिटर धरलं तरी चार हजार लिटर पाणी लागेल, तेही गाव टँकरवर असताना. कडेला कोनोकार्पसची कुंपणरांग आहे, जिच्या लागवडीवर गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. रॉयल पामची सावली बाकावर बसलेल्या माणसाच्या वाट्याला येत नाही. समुद्राच्या बाजूला उंडी आणि भेंड लावावी, खारा वारा दोन्ही सोसतात. आतल्या बाजूला बकुळ, सुरंगी, ताम्हण. पार्किंगच्या पेव्हरला ६० मिलीमीटर लिहिलेत, कचऱ्याची गाडी येणार तिथे ८० हवेत. कंपाउंडला आरसीसी जाळीऐवजी गडगा (नुसते दगड रचून केलेली भिंत) चालेल, त्यातून पाणी वाहून जातं.

जागेचा मागचा तुकडा सड्याचा, म्हणजे उघड्या कातळाचा आहे. नकाशात त्यावर ‘पडीक’ लिहून ४५ सेंटीमीटर लाल माती टाकायची आहे. पावसात याच कातळावर सीतेची आसवं, गेंद, तेरडे फुलतात. माती टाकली की ते संपले. तो तुकडा मोकळा ठेवावा. आणि काम सुरू होण्याआधी तिथे कातळशिल्प नाही ना, हे जाणकाराकडून बघून घ्यावं.

झाडांचे खड्डे कातळात एक मीटर लांब, रुंद, खोल दाखवलेत. असा एकटा खड्डा म्हणजे दगडी टाकी. जुलैत भरतो आणि रोपाची मुळं कुजतात. खड्डे उताराच्या दिशेने अर्धा मीटर रुंद चराने एकमेकांना जोडावेत आणि शेवटच्या खड्ड्यातून पऱ्याकडे (ओढ्याकडे) वाट काढावी. चर खडी आणि मातीने भरला की मुळांनाही पसरायला जागा होते.

पाचपैकी अडीच गुण. त्यातला दीड चौकाचा, एक तळमजल्यावरच्या खिडक्यांचा. हरकत नोंदवणाऱ्यांनी थ्रीडीवर बोलण्यात वेळ घालवू नये. पश्चिमेच्या भिंतीचा पायापासून वळचणीपर्यंतचा १:२० प्रमाणातला छेद लेखी मागावा, काँक्रीटची टीप आणि पाइपांची संख्या बदलून मागावी. आणि वार्षिक अंदाजपत्रकात मृगाच्या आधी पन्हळी, जाळ्या साफ करण्याची वेगळी बाब आहे का ते विचारावं. या आराखड्यासोबतच्या देखभालीच्या तक्त्यात लिफ्ट आहे, एसी आहे, कारंजं आहे, पन्हळ नाही.